अकरा महिन्यांचं भाड्याचं घर: दोन हजारांच्या आत ते राहण्यासारखं कसं करायचं?

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पावसात आमच्या जुन्या मातीच्या घराची मागची भिंत ढासळली. दुरुस्ती होईपर्यंत म्हणून वडगावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. भिंतीचे पोपडे निघालेले, एकच ट्यूबलाईट, मोरीतून वास. आईनं गाठोडी सोडलीच नाहीत. "चार म्हैन्यात जायचंच हाय की, कशाला सोडतोस?" म्हणायची. दीड महिना आम्ही ट्रंकेवर ताट ठेवून जेवलो. त्या चार महिन्यांची पुढं सव्वादोन वर्षं झाली.

बेळगावात असं राहणारे बरेच आहेत. खानापूर, चंदगडकडून शिकायला आलेली मुलं, उद्यमबागेत कामाला असलेली कुटुंबं, स्वतःचं घर बांधायला काढलेले लोक. सगळ्यांचा प्रश्न एकच: दुसऱ्याच्या घरावर पैसा कशाला घालायचा? प्रश्न बरोबर आहे. पण म्हणून काहीच करायचं नाही, असं नाही. कुठला खर्च आपल्यासोबत येतो आणि कुठला मालकाच्या भिंतीत राहतो, एवढं आधी वेगळं करायचं.

आधी फोटो, मग झाडू

सामान आत घेण्याआधी प्रत्येक भिंत, फरशी, नळ आणि खिडकीचे मोबाईलवर फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा. डिपॉझिट परत घेताना हाच पुरावा उपयोगी पडतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळं बहुतेक करार ११ महिन्यांचे होतात. आपल्याकडं करारपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असतं. रंगाचे आणि खिळ्यांचे पैसे कापण्याची अट त्यात आहे का, ते कुणाकडून तरी वाचून घ्या.

ओल गेल्याशिवाय शोभा नाही

जुनाट वाटणाऱ्या घराचं निम्मं दुखणं ओल असते. भिंतीला पोस्टर किंवा प्लॅस्टिक चिकटवून ती झाकू नका, मागं बुरशी वाढते. कपाट, पलंग भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा. पायाखाली विटा द्या. ऊन पडलं की खिडक्या उघड्या टाका.

चुना मारायचा तर पाऊस ओसरू द्या. ओल येत असताना मारला तर डाग परत उमटतात. आम्ही दसऱ्याच्या आधी मारला. सुटे पोपडे पत्र्यानं खरवडायचे, विरवलेला चुना रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळून त्यात डिंकाचं पाणी आणि किंचित नीळ घालायची. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्या. ऑईलपेंटवर चुना धरत नाही. चुना डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून चष्मा लावा आणि पोरांना लांब ठेवा. मालकांना आधी विचारा. साहित्याचे पैसे भाड्यातून वळते करायला काही जण तयार होतात. आमचे झाले नाहीत, पण "मारा की" म्हणाले.

मोरी बरेच दिवस बंद असेल तर जाळीखालचं पाणी आटतं आणि गटाराचा वास वर येतो. बादलीभर पाणी ओतून बघा, बऱ्याचदा तेवढंच पुरतं. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड मात्र कधीही एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.

उजेड खाली आणा

छताजवळच्या एकाच पांढऱ्या ट्यूबमध्ये भिंतीचा प्रत्येक डाग दिसतो. ती अभ्यासाला आणि स्वयंपाकाला ठेवा. संध्याकाळी बसायच्या कोपऱ्यात ९ वॉटचा पिवळसर एलईडी लावा. पाकिटावर ३००० के किंवा त्याहून कमी आकडा बघून घ्या. ६५०० के म्हणजे परत तोच पांढरा उजेड. रोज पाच तास लावला तरी महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. वर वेताची जुनी बुट्टी उपडी टांगली की झाली शेड. साधा गरम होणारा बल्ब मात्र बुट्टीत घालू नका. लाकडी बोर्डाचं वायरिंग असेल तर आधी वायरमनला दाखवा.

कापड घरातलंच

रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून ती परकी वाटते. कापड आलं की घुमणं कमी होतं. साडेपाच मीटरची एक साडी मधोमध कापली की दाराचे दोन पडदे होतात, दुमडायला कापड उरतंच. खिळा न ठोकता जुन्याच खिळ्यांना दोरी बांधा. फरशीच्या फटी पांढऱ्या सिमेंटनं भरा, वर चटई, चटईवर वाकळ. गादी नसली तरी बसायची जागा झाली.

आमचा हिशेब

चुना, डिंक, ब्रश ४८० रुपये. पांढरं सिमेंट ९०. तीन बल्ब, होल्डर, वायर ५२०. दोरी आणि पडद्यांची शिलाई २६०. चटई ३५०. एकूण १,७००. हे तेव्हाचे भाव, आता थोडे वाढवून धरा. यातले ५७० रुपये मालकांच्या घरात राहिले. ११३० रुपयांचं सामान, म्हणजे दोन तृतीयांश, आमच्यासोबत परत आलं. चटई अजून वापरात आहे.

सगळं एकदम जमत नसेल तर पहिल्या रविवारी एक कोपरा घ्या: तिथली भिंत खरवडा, चटई टाका, बल्ब लावा. आमच्याकडं कोपरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी आईनं तेलाच्या रिकाम्या डब्यात तुळस लावून दारात ठेवली. त्याच संध्याकाळी गाठोडी सोडली. आत तिची चांगली पातेली होती. दीड महिना आम्ही शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या पातेल्यात भात शिजवत होतो.