कुसळं काढा, मग बर्फावर उतरा

अंटार्क्टिकाच्या सफरी नोव्हेंबरात सुरू होतात आणि मार्चमध्ये संपतात. नेमका तोच माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या साखर कारखान्यांचा गळीत हंगाम. तेव्हा ज्याचा ऊस लवकर तुटून गेला, त्याला जानेवारी-फेब्रुवारी मोकळे सापडतात, आणि नशिबाने तेच महिने चांगले. नोव्हेंबरात पेंग्विनांची घरटी पाहायला मिळतात, जानेवारीत पिल्लं, फेब्रुवारीपासून देवमासे. ज्याची तोड लांबली, त्याने मात्र आधी शेत मोकळं करावं.

सहल कंपन्यांच्या जाहिरातीत युरोपच्या शेजारी आता पेंग्विनही दिसू लागलेत. माणशी खर्च दहा लाखांच्या पुढेच जातो आणि बाल्कनीची प्रशस्त खोली घेतली तर त्याच्या दुप्पट सहज होतो. एवढे पैसे मोजणारा माणूस जेवण कसं, खोली केवढी, गरम पाण्याचं कुंड आहे का, एवढंच विचारून घेतो. माझ्या मते हे प्रश्न शेवटचे. पहिला प्रश्न एकच: बोटीवर प्रवासी किती?

कारण साधं आहे. अंटार्क्टिका करारातल्या देशांनी ठरवलेल्या नियमांनुसार पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजावरून कुणालाच किनाऱ्यावर उतरवता येत नाही. त्याहून लहान जहाज असलं, तरी एका जागी एका वेळी शंभरच माणसं उतरतात आणि दर वीस जणांमागे एक वाटाड्या असावा लागतो. म्हणजे चारशे जणांच्या आलिशान जहाजावर तुमची पाळी येईपर्यंत तुम्ही खिडकीतून बर्फ बघत कॉफी पिणार. शंभर-दीडशे जणांच्या बोटीवर खोली लहान मिळेल, पण पाय जमिनीला जास्त वेळ लागतील. इतक्या लांब जाऊन कॉफीच प्यायची असेल, तर ती बारामतीतही मिळते.

बहुतेक बोटी अर्जेंटिनाच्या अगदी दक्षिण टोकाच्या उशुआया बंदरातून सुटतात. अंटार्क्टिकाला व्हिसा लागत नाही, अर्जेंटिनाला सहसा लागतो. पुढे ड्रेकची सामुद्रधुनी, सुमारे आठशे किलोमीटर रुंद. ती ओलांडायला जवळजवळ दोन दिवस जातात. या अक्षांशांवर पृथ्वीला पूर्ण फेरी मारली तरी वाऱ्याला आणि लाटांना अडवायला जमीनच आडवी येत नाही, म्हणून हा समुद्र बदनाम. नशीब चांगलं असलं तर तळ्यासारखा शांत, नाहीतर ताटवाट्या जागेवर राहत नाहीत. उलटीच्या गोळ्या आधीच घ्याव्यात, त्रास सुरू झाल्यावर त्यांचा उपयोग कमी. ज्यांना हे सोसणार नाही, त्यांच्यासाठी चिलीच्या पुंता अरेनास शहरातून किंग जॉर्ज बेटावर विमानाने जाऊन तिथे बोट पकडायची सोय आहे. मात्र हवा बिघडली की विमान उडत नाही आणि वेळापत्रक कोसळतं.

उतरण्याच्या आदल्या दिवशीचं दृश्य जाहिरातीत कधीच नसतं. दिवाणखान्यात सगळे आपापले जॅकेट, पिशव्या, पॅन्ट घेऊन बसतात आणि व्हॅक्यूम क्लीनर फिरतो. चिमटा, सुई, ब्रश घेऊन शिवणीतली आणि व्हेल्क्रोच्या पट्टीतली कुसळं एकेक करून काढायची. बुटांच्या तळव्याच्या खाचा साफ करायच्या. मग उतरताना आणि परत चढताना बूट जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बुडवायचे. कोट्यधीश माणूस गुडघ्यावर पॅन्ट पसरून गोखरू उपसतोय, हे दृश्य आपल्याकडच्या शेतकऱ्याला गमतीचं वाटेल. त्यामागचं कारण मात्र त्याला लगेच पटेल. गाजरगवताची भारतातली नोंद पुण्यात झाली ती 1950 च्या दशकात, आणि आज इंदापूरचा एक बांध त्यावाचून दाखवा. उजनी धरणात चिलापी हा आफ्रिकेतला मासा घुसला, तो भिगवणच्या ताटात छान लागतो, पण स्थानिक माशांचं काय झालं ते जुन्या मच्छीमारांना विचारा. अंटार्क्टिकातही किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या तळाजवळ परकं गवत रुजलं. एक बी पुरतं.

किनाऱ्यावर नेतात त्या रबरी बोटी, त्यांना झोडियाक म्हणतात. चढता-उतरताना हात मिळवायचा नाही. खलाशी तुमच्या कोपराखालचा हात पकडतो आणि तुम्ही त्याचा. ओला हात मनगटाशी निसटतो, कोपराखालची पकड निसटत नाही. खाली उतरलं की पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. तो स्वतः चालत जवळ आला, तर आपण थांबायचं. त्याची वाट अडवायची नाही. खाण्याची कोणतीही वस्तू किनाऱ्यावर नेता येत नाही, चिवड्याची पुडीसुद्धा नाही. शौचालय नाही. 2023 साली दक्षिण जॉर्जिया बेटांवर बर्ड फ्लू पोचला; या रोगाच्या धोक्यामुळे जमिनीवर बसणं, गुडघे टेकणं, पिशवी ठेवणंही बंद झालंय. वास मात्र जाहिरातीत येत नाही, म्हणून सांगून ठेवतो: पेंग्विनांची वसाहत म्हणजे बंद पोल्ट्रीच्या शेडची आठवण. बर्फावर गुलाबी डाग दिसतील, ते पेंग्विन खातात त्या क्रिल नावाच्या तांबूस कोळंबीवजा जिवामुळे. आपल्या रोहित पक्ष्यालाही रंग चढतो तो खाण्यातूनच.

हे नियम कुणाच्या लहरीतून आले नाहीत. 1966 साली लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी अर्जेंटिनाच्या नौदलाची बोट भाड्याने घेऊन प्रवासी इथे आणले, तिथून हा व्यवसाय वाढला. 1979 साली एअर न्यूझीलंडचं पर्यटकांचं विमान एरेबस पर्वतावर आदळलं, 257 जण गेले. 2007 च्या नोव्हेंबरात एमएस एक्सप्लोरर हे याच कामासाठी बांधलेलं जहाज बर्फाला धडकून बुडालं. सगळे 154 जण वाचले, कारण जवळ दुसरी जहाजं होती. 2011 पासून या समुद्रात जड इंधन तेल वापरायला आणि वाहून न्यायलाही बंदी आहे. एका हंगामात इथे येणाऱ्या पर्यटकांचा आकडा आता लाखावर गेलाय. जायचं असेल तर आपत्कालीन वैद्यकीय स्थलांतराचा विमा घेतल्याशिवाय जाऊ नये. जवळचं मोठं रुग्णालय दोन दिवसांवर असतं.

आपली माणसं मात्र तिथे सफरीला नव्हे, कामाला आधी गेली. पहिली भारतीय मोहीम 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्यातून पोलर सर्कल या भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजातून निघाली आणि 9 जानेवारी 1982 रोजी बर्फावर उतरली. नेते डॉ. सैयद झहूर कासिम. 1983-84 च्या तिसऱ्या मोहिमेत दोन स्त्रिया होत्या: भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत. पंत या औंध संस्थानच्या अप्पासाहेब पंतांच्या कन्या, नागपुरात जन्मलेल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या. बाल्कनी नाही, गरम पाण्याचं कुंड नाही. याच मोहिमेत दक्षिण गंगोत्री हे आपलं पहिलं स्थानक उभं राहिलं. नंतर मैत्री, मग 2012 साली भारती. वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र हे काम आजही चालवतं.

आता राहिला आपला घरचा समुद्र. उजनीकाठच्या भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या पाण्यात हिवाळ्यात रोहित उतरतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, आणि मच्छीमारांच्या नावेतून ते पाहायला शेकडो रुपयांत मिळतात. मला विचाराल तर दहा लाखांच्या सफरीआधी ही सफर एकदा नीट करावी. पण नियम इथेही हवेत. 21 मे 2024 रोजी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. म्हणून या हिवाळ्यात याल तेव्हा लाइफ जॅकेट मिळत नसेल त्या नावेत पाय ठेवू नका, वारा सुटला असेल तर परत फिरा, आणि थव्याच्या अगदी जवळ नेण्यासाठी नावाड्याला जादा पैसे देऊ नका.