मधुमेह आणि मनाचे दुखणे

मधुमेहाच्या रोग्याला दवाखान्यात पहिला प्रश्न विचारतात, "साखर किती आली?" आकडा पाहून गोळी वाढवतात व पुढची तारीख देतात. रोग्याला सांगायचे असते ते निराळेच. झोप लागत नाही, छातीत धडधडते, शेतावर जावेसे वाटत नाही. याला तो 'टेन्शन' म्हणतो व त्याचे मूळ कर्जात, उसाच्या थकलेल्या बिलात शोधतो. नर्सबाईंना वाटते, हा पथ्य पाळत नाही. डॉक्टर त्यालाच नैराश्य म्हणतील. माणूस एकच, पण प्रत्येकाचे बोलणे वेगळे!

ही दोन्ही दुखणी एकमेकांना धरून असतात. मधुमेह्यांत नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळते. मन खचले की गोळी चुकते, चालणे बंद पडते, खाण्याचा ताळ राहत नाही आणि साखर चढते. साखर चढली की थकवा येतो व मन आणखी खचते. मुळाशी पाणी साचून पीक पिवळे पडले असेल, तर नुसता युरिया टाकून काय उपयोग?

यावर इलाज आहे. दिल्ली, चेन्नई, बेंगळुरू व विशाखापट्टणम येथील ४०४ मधुमेही रोग्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात काही रोग्यांच्या शरीराचा व मनाचा पाठपुरावा एकत्र ठेवला होता. नैराश्य उतरून साखर, रक्तदाब किंवा रक्तातील चरबी यांतही सुधारणा झालेले रोगी त्यांच्यात अधिक निघाले.

म्हणून शेतकरी बंधुभगिनींनो, स्वतःला दोन प्रश्न विचारा. गेल्या पंधरवड्यात मन सारखे उदास राहिले का? कामातली गोडी गेली का? उत्तर 'होय' असेल, तर साखर तपासताना डॉक्टरांना तेही सांगा. थायरॉईडच्या बिघाडानेही असे होते, तेव्हा तपासणी करून घ्यावी. चालू औषध मनाने बंद करू नये.

"फादर, माझी श्रद्धाच कमी पडली," असे काही जण आम्हांला सांगतात. हा श्रद्धेचा दोष नव्हे, आजार आहे. प्रार्थना करावी आणि गोळीही घ्यावी.

घरात कोणी मरणाची भाषा बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नका. कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवा. १४४१६ या सरकारी 'टेली मानस' क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो, मराठीतही बोलता येते.