दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा

संगणकावर गाडी पळवणं म्हणजे पोरखेळ, असं बहुतेकांना वाटतं. पण टेबलाला स्टीअरिंग बसवून आणि पायाशी पेडल ठेवून खेळल्या जाणाऱ्या 'सिम रेसिंग'मध्ये शर्यतीच्या आधीच एक लांबलचक तक्ता पडद्यावर येतो. टायरमधली हवा, स्प्रिंगचा कडकपणा, शॉकअप, अँटी-रोल बार, चाकांचा कल, मागचा पंख! गाडीच्या या जुळवणीला 'सेटअप' म्हणतात. नवा खेळाडू हा तक्ता पाहून एक तर घाबरतो, नाही तर सगळ्याच आकड्यांशी खेळत सुटतो.

मी हा खेळ बरीच वर्षं खेळतो आहे. त्यामुळे ओळखीतली मुलं हमखास विचारतात, "काका, तुमचा सेटअप द्या ना!" वेगवान खेळाडूची फाईल उतरवून घेतली की आपणही वेगवान, अशी समजूत. मी त्यांना म्हणतो, "अरे, दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून वाचता येईल का तुला?" तो खेळाडू उशिरा ब्रेक मारत असेल, मागची चाकं जराशी घसरवूनच वळण घ्यायची त्याची सवय असेल. तीच गाडी नवख्याच्या हातात पहिल्याच वळणावर गिरकी घेते. मग पोरगं हिरमुसून म्हणतं, "मला नाही जमणार हे." खरं तर तिथून पुढे शिकणं सुरू व्हायला हवं.

आधी एक मूळ गोष्ट समजून घेऊ. गाडी जमिनीला चिकटते ती चार टायरच्या तळहाताएवढ्या चार ठशांनी. टायरवर जितका भार जास्त तितकी पकड जास्त, पण ती भाराच्या प्रमाणात वाढत नाही. समजा, पुढच्या दोन्ही टायरवर ३०० किलोचा भार आहे आणि प्रत्येकाची पकड ३०० आहे. एकूण झाली ६००. आता वळणावर भार बाहेरच्या बाजूला सरकला. बाहेरच्या टायरवर ४५० आला आणि आतल्यावर १५० उरला. बाहेरच्याची पकड होते, समजा, ४२० आणि आतल्याची १६०. बेरीज ५८०! वीस कुठे गेले? भार सरकण्यात गेले. आकडे केवळ उदाहरणादाखल, पण तत्त्व खरं आहे.

गंमत अशी, की वळणावर एकूण किती भार सरकणार हे मुख्यतः गाडीचं वजन, उंची, रुंदी आणि वळणाचा जोर ठरवतात. स्प्रिंग आणि अँटी-रोल बार ठरवतात ते एवढंच, की त्यातला वाटा पुढच्या चाकांनी किती उचलायचा आणि मागच्यांनी किती. पुढचा बार कडक केला, की पुढची जोडी जास्त वाटा उचलते, तिची पकड घटते आणि गाडी वळायला कुरकुरते. याला अंडरस्टीअर म्हणतात. मागचा बार कडक केला, तर मागची चाकं आधी सुटतात; ते ओव्हरस्टीअर. शॉकअपचं काम वेगळं. भार किती वेगानं सरकेल यावर त्याचा ताबा असतो. लांब वळणाच्या मध्यावर गाडी एकदा स्थिरावली, की त्याला फारसं काम उरत नाही.

आता हे प्रत्यक्ष ट्रॅकवर पाहू. इटलीतला मोंझाचा ट्रॅक १९२२ सालचा. त्याचा एक फेरा ५.७९३ किलोमीटरचा. लांबच लांब सरळ पट्टे, त्यामुळे मागचा पंख जवळजवळ आडवा ठेवायचा मोह होतो. तसं केलं, की सरळ रस्त्यावर वेग मिळतो. पण पहिल्या अरुंद वळणाआधी जोरात ब्रेक मारताना मागचा भाग हलका पडतो. शेवटचं लांबलचक वळण पूर्वी पॅराबोलिका म्हणून ओळखलं जाई. २०२१ पासून त्याला मिकेले अल्बोरेटो यांचं नाव आहे. तिथे गाडी झुकू नये म्हणून स्प्रिंग कडक हव्यात, तर अरुंद वळणांच्या उंचवट्यांवरून जाताना त्या मऊ हव्यात. सगळं एकदम मिळत नाही. काय सोडायचं, ते आपणच ठरवायचं.

म्हणून मी मुलांना आधी तक्रार लिहायला लावतो. 'गाडी वळत नाही' एवढ्यानं भागत नाही. कुठे वळत नाही? आत शिरताना, मध्यावर, की बाहेर पडताना? फक्त वेगवान वळणात असेल, तर आधी पंखाकडे पाहा. संथ वळणातही तसंच होत असेल, तर बार आणि स्प्रिंगकडे. ब्रेक दाबलेला असतानाच मागचा भाग फिरत असेल, तर ब्रेकचा जोर थोडा पुढच्या चाकांकडे द्या. चांगला मेकॅनिकसुद्धा पाना उचलण्याआधी विचारतोच ना, "गाडी ओढते ती ब्रेक मारल्यावर, की सरळ चालवताना?" आणि आपण वळणात जास्त वेगानं शिरतोय का, हा प्रश्न सगळ्यात आधी. त्या दुखण्यावर कुठल्याच स्प्रिंगमध्ये औषध नाही.

पुढची रीत सोपी आहे. खेळातल्या मूळ सेटअपवर दहा फेरे मारा. फेऱ्यांच्या वेळा एकमेकींच्या जवळ आल्याशिवाय कशालाही हात लावू नका. मग एकच बदल करा, तोही हाताला जाणवेल एवढा. पाच फेरे मारा आणि लिहून ठेवा. नंतर बदल काढून टाका आणि पुन्हा पाच फेरे. दुखणं परत आलं, तर औषध खरं. एक फेरा चुकून वेगवान झाला म्हणून हुरळून जायचं नाही. दहाही फेरे सारखे निघतात तो सेटअप आपला.

संगणकातली गाडी शेवटी गणितातली गाडी. पोटात गोळा येणं तिथे नाही. तरी हे ज्ञान वाया जात नाही. 'ग्रॅन टुरिस्मो' या खेळातून चालक निवडण्याची स्पर्धा २००८ साली झाली. ती जिंकणारा स्पेनचा लुकास ऑर्डोनेझ २०११ साली ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटातल्या दुसऱ्या आलेल्या संघात होता. सगळेच तिथे पोचणार नाहीत. पण खऱ्या ट्रॅकवर एका दिवसात झिजणाऱ्या टायरचा खर्च ज्या घरांना झेपणारा नाही, तिथल्या मुलालाही हे शास्त्र आज वही-पेन घेऊन शिकता येतं. फाईल मागायला आलेल्या मुलाला मी आता एक कोरी वही देतो.