कळकलेले घड्याळ

ताक पितळेच्या भांड्यात ठेवू नये, ते कळकते, हे आपल्याकडे शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही ठाऊक होते. त्यासाठीच दारावर कल्हईवाला येई आणि भांड्याच्या आतून कथलाचा पातळ थर फिरवून जाई. ज्या धातूत तांबे आहे तो आंबट, खारट वा घामट वस्तूच्या संगतीत आला की आधी काळवंडतो आणि मग त्यावर हिरवट थर धरतो. आपण हा धातूचा दोष मानला आणि चिंच लावून तो घासून काढला. स्वित्झर्लंडच्या घड्याळ-कारखानदारांनी मात्र या दोषाचाच गुण करून दाखविला. जेराल्ड जेंता या नामांकित रचनाकाराने १९८८ साली ब्राँझचे मनगटी घड्याळ काढले, पण त्याचे खरे वेड पसरले ते २०११ नंतर. त्या वर्षी पानेराई कंपनीने ब्राँझच्या डबीचे, ४७ मिलिमीटर व्यासाचे, हिरव्या तबकडीचे घड्याळ अवघे १००० नग बनविले. पुढे २०१६ साली ट्यूडर कंपनीचे ब्राँझचे घड्याळ आले, आणि मग अनेकांनी तीच वाट धरली.

यात हौशी माणसाला गोडी वाटते ती अशी की, प्रत्येकाचा घाम निराळा, प्रत्येकाच्या गावची हवा निराळी. तेव्हा प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळाचा रंगही निराळाच चढतो. जिथे हौस आणि लाखांच्या घरातली किंमत एकत्र येतात तिथे नकला करणारा फार लांब राहत नाही.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी निवृत्तीच्या पैशातून मुलासाठी असे पानेराईचे घड्याळ एका मध्यस्थाकडून, वापरलेले म्हणून, घेतले. मनात शंका होतीच. पण पावसाळ्यात दोन महिने ते हातावर राहिले आणि कडेने हिरवे झाले, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. मोठ्या आनंदाने ते मला दाखवायला आले. म्हणाले, "हिरवे झाले, म्हणजे खरे!"

माझे सारे सांगणे या एका वाक्याविषयी आहे. हिरवे झाले याचा अर्थ इतकाच की डबी तांब्याच्या मिश्रधातूची आहे. घड्याळ कोणी बनविले याविषयी हिरवा रंग एक अक्षरही बोलत नाही. ब्राँझ हा काही सोन्यासारखा महाग धातू नव्हे. घड्याळाची किंमत असते ती आतल्या यंत्रात, कारागिरीत आणि नावात. डबीतल्या धातूला बाजारात फारसे मोल नाही, म्हणून नकली घड्याळ करणारालाही खरे ब्राँझ वापरणे सहज परवडते. शिवाय रंग घाईनेही आणता येतो. उकडलेले अंडे फोडून त्याच्यासह घड्याळ एका बंद डब्यात ठेवा; अंड्यातला गंधकाचा वायू डबीला रातोरात तपकिरी करून सोडतो. मीठ आणि शिरका यांच्या वाफेने हिरवाही आणता येतो. आणि लिंबाने चोळले की सगळे पुन्हा लख्ख. असा साक्षीदार काय कामाचा?

तरी धातूची परीक्षा अगदीच फुकट जात नाही. फक्त ती कशासाठी करायची ते नीट समजले पाहिजे. स्वस्तातली नक्कल पोलादाची असते आणि तिला वरून ब्राँझच्या रंगाचा मुलामा दिलेला असतो. असले घड्याळ वर्षभर वापरले तरी रंग बदलत नाही, आणि जिथे पट्टा अडकतो तिथे घासून खालचे पांढरे पोलाद दिसू लागते. काही नकला पितळेच्या असतात. पितळेत तांब्याच्या जोडीला जस्त असते, ब्राँझमध्ये कथील. आपले काशाचे टाळ आणि वाट्या यांत कथील शेकडा २२ च्या आसपास असते, म्हणून कासे खणखणते आणि आपटले तर फुटते. पानेराईच्या ब्राँझमध्ये कथील शेकडा ८ असते. धातू चिवट राहतो आणि समुद्राच्या पाण्यालाही दाद देत नाही. ट्यूडरने कथलाऐवजी ॲल्युमिनियम मिसळलेले ब्राँझ घेतले, म्हणून ते सावकाश आणि सारखे तपकिरी होत जाते. सराफाकडे सोने तपासायचे क्ष-किरणांचे यंत्र असते, त्याला तांबे, जस्त आणि कथील यांतला भेद कळतो. ॲल्युमिनियम मात्र फार हलके असल्याने साध्या यंत्राच्या नजरेतून निसटते. लोहचुंबकाची परीक्षा पुष्कळ जण सांगतात, पण तिच्यावर विसंबू नये; घड्याळाचे चांगले पोलादही चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही.

एक खूण मात्र मला फार आवडते, कारण ती उलट्या बाजूने येते. घड्याळाची पाठ सतत कातडीला लागून असते. ती ब्राँझची केली तर मनगट हिरवे होईल. म्हणून पानेराईने त्या घड्याळाचे पाठीचे झाकण टिटॅनियमचे केले आणि त्यात आतले यंत्र दिसावे म्हणून काच बसविली. ट्यूडरने पोलादाचे झाकण करून त्याला ब्राँझचा रंग दिला. म्हणजे या दोन घड्याळांची कड हिरवी होणे ठीक, पण पाठ हिरवी झाली तर दाट संशय घ्यावा! आमच्या गृहस्थांनी दोन महिने घड्याळ वापरले, पण उलटे करून पाहिले नव्हते. मी उलटे केले. झाकणाच्या काठाने हिरवी रेघ धरली होती. ती पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

यंत्राच्या परीक्षाही घरच्या घरी होतात. पानेराईच्या त्या घड्याळातले यंत्र पूर्ण किल्ली दिल्यावर ७२ तास चालते. शुक्रवारी संध्याकाळी किल्ली देऊन टेबलावर ठेवावे. सोमवारी दुपारी ते चालत असले पाहिजे. किल्ली पहिल्या खाचेपर्यंत ओढून फिरविली तर मिनिटकाटा जागचा न हलता तासकाटा एकेका तासाची उडी घेतो. ट्यूडरचे यंत्र ७० तास चालते. दोन्ही यंत्रे सेकंदाला आठ ठोके देतात, त्यामुळे सेकंदकाटा जवळजवळ सरकतच जातो. तो सेकंदाला एकेक टप्पा टाकू लागला तर आत बॅटरी आहे, पुढे पाहायलाच नको. पानेराईच्या त्या घड्याळाच्या पाठीवर हजारांतला कितवा नग तो क्रमांक कोरलेला असतो. हजाराच्या पुढचा आकडा दिसला तर हसून घड्याळ परत द्यावे. पण आकडा हजाराच्या आत आहे, एवढ्यानेही भुलू नये. नक्कल करणारा एकाच खऱ्या घड्याळाचा क्रमांक पन्नास खोट्या घड्याळांवर कोरू शकतो.

आणि येथेच सगळ्या घरगुती परीक्षांची मर्यादा येते. यांतल्या एखाद्या परीक्षेत घड्याळ नापास झाले तर संशयाला जागा आहे. सगळ्यांत पास झाले तर मात्र निकाल अजून लागलेला नसतो, कारण हुशार नकलाकार हीच यादी समोर ठेवून बसतो. शेवटचा निकाल द्यावा तो कंपनीच्या अधिकृत दुरुस्तीकेंद्राने. तेथे झाकण उघडून यंत्र पाहतात आणि क्रमांक आपल्या दप्तराशी ताडून पाहतात. खोटे घड्याळ ते दुरुस्तीला घेतच नाहीत. म्हणजे नकली घड्याळ घेणाराचे पैसे एकदाच बुडतात असे नाही. ते बिघडले की त्याला वालीही कोणी उरत नाही.

आमचे गृहस्थ त्या मध्यस्थाला शोधत दोनदा गेले. दुकान होते तिथे आता दुसरेच काही आहे. पावती मागितली नव्हती, कारण वापरलेल्या वस्तूला कसली पावती, असे त्यांना वाटले. विकत घेण्यापूर्वी त्यांनी "पैसे देण्याआधी दोघे मिळून दुरुस्तीकेंद्रात जाऊन येऊ" एवढे एकच म्हणून पाहिले असते, तर तिकडून काय उत्तर आले असते, याचा विचार ते अजून करीत असतात. मुलाला त्यांनी अद्याप काही सांगितलेले नाही.