पानावर उमटलेलं पान

"आत्या, हे बघ! या पानावर दुसऱ्या पानाचं चित्र आहे!"

भाचीने मेपलचं एक लालभडक पान माझ्या हातात ठेवलं. खरंच की! लाल पानाच्या मधोमध पिवळा ठसा होता, तोही पानाच्याच आकाराचा. टोकं, खाचा, देठ, सगळं जागच्या जागी. कुणी काढलं असेल हे चित्र?

आम्ही होतो अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात. माझा भाऊ बॉस्टनजवळ राहतो. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी पहाटेच डबे बांधून आम्ही डोंगरातले रंग बघायला निघालो. हायवे सोडून १०८ नंबरचा घाट धरला. तिथल्या खिंडीचं नाव 'स्मगलर्स नॉच', म्हणजे चोरट्या व्यापाऱ्यांची खिंड. १८०७ साली अमेरिकेने परदेशांशी व्यापार बंद केला, तेव्हा लोक इथून लपूनछपून कॅनडाला माल नेत. वळणं इतकी अरुंद, की मोठ्या ट्रकना इथे बंदी! रस्त्याला खेटून घराएवढे धोंडे. खिंड उतरलो आणि एका कच्च्या रस्त्याला वळलो. व्हरमाँटमधले निम्म्याहून जास्त रस्ते असेच कच्चे आहेत, आणि मला तेच जास्त आवडतात, कारण तिथे कुठेही थांबता येतं. तिथेच हे पान सापडलं.

आता त्या चित्राचं कोडं सोडवू या.

उन्हाळाभर पान हिरवं असतं ते हरितद्रव्यामुळे. त्याच्या जोरावर पान उन्हातून साखर बनवतं. दिवस लहान होऊ लागले, की झाडाला हिवाळ्याची चाहूल लागते. मग घर बदलताना आपण चांगलं सामान बांधून घेतो ना, तसं झाड पानातला नायट्रोजन काढून फांद्यांत साठवायला लागतं. हरितद्रव्य मोडीत निघतं आणि त्याच्याखाली लपलेला पिवळा रंग उघडा पडतो. हा पिवळा काही नवा नाही बरं का! तो पहिल्यापासून पानातच होता. गाजराला आणि आंब्याच्या रसाला रंग देणारी द्रव्यं याच घराण्यातली.

लाल रंगाची गोष्ट मात्र निराळी. तो आधी नसतोच, पान तो नव्याने तयार करतं! त्याचं नाव अँथोसायनिन. जांभूळ खाल्ल्यावर तुमची जीभ रंगते ना, तीही यानेच. त्याला दोन गोष्टी लागतात: साखर आणि ऊन. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा असला, की साखर पानातच अडकून राहते आणि लाल रंग खुलतो.

आता सांगा, आपल्या पानावर दुसरं पान चिकटून बसलं असेल तर? जिथे सावली पडली तिथे लाल रंग तयारच झाला नाही. पिवळा तसाच राहिला. म्हणजे हे चित्र उन्हाने काढलं!

"पण आत्या, गळून जायचंच आहे, तर पान एवढी मेहनत कशाला करतं?"

फार छान प्रश्न. बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं, की लाल रंग पानाची छत्री असावी. हरितद्रव्य मोडत असताना कडक उन्हाने पान आधीच करपलं, तर नायट्रोजन काढून घ्यायचं काम अर्धवट राहील. छत्रीखाली ते काम निवांत पुरं होतं. मग देठाच्या बुडाशी बुचासारखा थर तयार होतो आणि वाऱ्याच्या एका झुळकीने पान सुटतं.

मला एकदम आमच्या अंगणातला आंबा आठवला. त्याची कोवळी पालवी कधी नीट बघितली आहे? हिरवी नसतेच, तांबूस असते, मऊ, लोंबती. त्यातही अँथोसायनिनच! नाजूक पानाला उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून, असं म्हणतात.

भाची थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे आंब्याचं पान बाळपणी छत्री घेतं आणि मेपलचं म्हातारपणी?"

"अगदी बरोबर!"

तिने ते पान वहीत जपून ठेवलं आणि आणखी ठशाची पानं शोधायला उतारावर धावत सुटली.