हळदीच्या हंगामातली कॉफी

फेब्रुवारी लागला की वसमतच्या बाजूला हळद काढायची एकच घाई उडते. कंद खणायचे, शिजवायचे, वाळत घालायचे. उन्हाच्या आधी उरकावं म्हणून माणसं पहाटेच कुकरपाशी उभी असतात. महाशिवरात्रही बहुधा याच दिवसांत येते. औंढा नागनाथाचं दर्शन, उपवास, जागरण. डोळे मिटू नयेत म्हणून चहा असतोच, आता इन्स्टंट कॉफीचा पाऊचही घरोघरी आलाय. मग पाठोपाठ छातीत जळजळतं, पोटात ढवळतं आणि सगळा दोष कॉफीवर जातो.

मुळात कॉफी ताकद देत नाही. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं, त्यानं पेंग येते. कॉफीतलं कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. थकवा जाणवत नाही एवढंच, तो असतो तिथंच. कंद उपसणाऱ्या बाईला ताकद भाकरीनंच मिळते. न्याहारी टाळून कॉफीवर दिवस काढणं म्हणूनच मला घातक वाटतं.

आता पोटाकडे येऊ. कॉफी पोटात गेली की जठरात आम्ल जास्त सुटतं. हे काम एकट्या कॅफीनचं नाही, म्हणून कॅफीन काढलेल्या कॉफीनंही काहींना जळजळतं. काहींचा अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला स्नायू सैलावतो आणि आंबट घशाशी येतं. मोठं आतडंही चाळवतं. कप संपायच्या आत शौचाला पळावं लागतं म्हणणारे लोक खोटं सांगत नाहीत. पोटात अन्न असलं की आम्ल त्यात मिसळून सौम्य होतं. उपवासाच्या दिवशी पोट रिकामं, त्यात दोन-तीन कप कॉफी आणि वर मिरची घातलेली साबुदाण्याची खिचडी. मग पित्त खवळणारच. आधी एखादं केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू खावा, कॉफी त्यानंतर.

एरवी जेवून तासभरानं घेतलेली कॉफी उत्तम. घासाबरोबर घेतली तर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, आणि आपल्याकडे बायकांना रक्त कमी असण्याचा त्रास आधीच फार.

दूध घातलं की कॉफी बाधत नाही, हा समज सगळ्यांना लागू पडत नाही. दुधातली साखर ज्यांना पचत नाही त्यांचं पोट फुगतं, गुडगुडतं. ओळखायचं सोपं आहे: दोन दिवस एरवीसारखीच कॉफी, फक्त बिनदुधाची घेऊन बघा. गुडगुड थांबली तर दोष बहुधा दुधाचा.

दोन ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा शुद्ध इन्स्टंट कॉफीत साधारण 60 मिलिग्रॅम कॅफीन असतं. मिश्र कॉफीच्या पाकिटावर त्यात मिसळलेल्या चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ते वाचा. चिकोरीत कॅफीन नसतं, त्यामुळे तेवढ्याच चमच्यात ते कमी भरतं. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, गरोदर बाईनं 200 च्या आत राहावं. चहातलं कॅफीनही यातच धरायचं.

कॅफीनचा जोर चढायला साधारण अर्धा तास लागतो. तेवढ्यात पाठ टेकून, बसल्या बसल्या वीस मिनिटं डोळा लागला तर उठल्यावर जास्त तरतरी येते. आडवं मात्र होऊ नये, आंबट वर येतं. निम्मं कॅफीन उतरायला सुमारे पाच तास जातात, म्हणून जागरण नसेल त्या दिवशी दुपारी तीननंतर कॉफी नको.

हंगामात अंग ठणकतं म्हणून रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी आणि वर कॉफी घेतली जाते. ही सवय आधी मोडा; अशा बऱ्याच गोळ्या जठराच्या अस्तराला इजा करतात. शौच डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त दिसलं, गिळताना अडकायला लागलं किंवा विनाकारण वजन उतरलं, तर कॉफी बदलून बघत बसू नका, थेट दवाखाना गाठा.