पेटी अडगळीत टाकण्यापूर्वी

आपल्या नात्यात किंवा मोहल्ल्यात एखादे तरी पेटीवाले चाचा असतात. तरुणपणी त्यांनी कव्वालीच्या पार्टीत, ऑर्केस्ट्रात किंवा बँडमध्ये साथ केलेली असते. आता साठी उलटलेली असते. रात्र-रात्र जागण्याचे कार्यक्रम सुटलेले असतात. पण अधूनमधून एखाद्या उरुसाला, एखाद्या लग्नाला बोलावणं येतंच. "चाचा, रिटायर झालात का?" असं विचारलं तर हसून म्हणतात, "आधा."

ही अर्धी निवृत्ती आपल्याला नीट समजलेली नाही. नोकरदार माणूस ठरलेल्या तारखेला निवृत्त होतो. त्याला निरोप मिळतो, पेन्शनचे कागद मिळतात. वादकाचं तसं नसतं. त्याचे फोन हळूहळू कमी होतात. आधी परगावचे कार्यक्रम जातात, मग गणपती-नवरात्रातले जातात आणि शेवटी उरतात दोन-चार जुन्या ओळखी आणि घरी शिकायला येणारी मुलं. त्या काळात त्याच्यापाशी दोनच गोष्टी असतात : त्याचं वाद्य आणि त्याचं नाव. या दोन्ही गोष्टी घरच्यांच्या हातात असतात, म्हणून हा विषय कुटुंबाच्या मासिकात.

पॅरिसहून पुण्यात

हार्मोनियम मूळची आपली नाही. १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबें या कारागिराने तिचं पेटंट घेतलं. ती पायाने भाता हलवायची, खुर्चीवर बसून वाजवायची पेटी होती. पुढे १८७५ च्या सुमारास कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता हलवायची, जमिनीवर बसून वाजवता येईल अशी पेटी बनवली. आज कव्वाल आणि भजनी मंडळं वापरतात ती हीच.

महाराष्ट्रात तिला घर मिळालं ते संगीत नाटकात. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा हार्मोनियमवादक गोविंदराव टेंबे तिचे एक भागीदार होते. नाटकात पायपेटीही आली. तिला मराठी माणूस आजही 'ऑर्गन' म्हणतो. पुढे पुण्यात अप्पा जळगावकरांसारख्या वादकाने गायकाच्या मागे राहूनही पेटीला मान मिळवून दिला. कळपट्ट्यांचं दुसरं वाद्य अकॉर्डियन. ते हिंदी चित्रपटसंगीतात गाजवणाऱ्यांमध्ये पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांचं नाव घेतलं जातं.

पेटीवर आक्षेपही कमी नव्हते. तिचे सूर जागच्या जागी पक्के. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही. शिवाय आपल्या रागांच्या बारीक श्रुती तिच्या बारा पट्ट्यांत मावत नाहीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी याच बावीस श्रुतींवर १९१० साली पुस्तक लिहिलं, आणि त्यांच्या या अभ्यासाला उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची मदत झाली. त्यातूनच श्रुतींची वेगळी हार्मोनियम बनवण्याचा प्रयत्न झाला. १९४० मध्ये तर आकाशवाणीने पेटीला बंदीच घातली. ती १९७१ पासून हळूहळू सैल झाली. म्हणजे तीस वर्षं रेडिओवर ज्या वाद्याला जागा नव्हती, तेच वाद्य दर्ग्यात, देवळात, तमाशाच्या फडात आणि शाळेच्या प्रार्थनेत वाजत राहिलं. ते वाजवत ठेवलं ते नावाजलेल्यांइतकंच बिननावाच्या साथीदारांनी.

पेटीवरून की-बोर्डवर

आज सत्तरीच्या आसपास असलेल्या वादकाने एका आयुष्यात तीन-चार वाद्यं बदललेली असतात. सुरुवात पेटीवर. मग १९८० च्या दशकात छोटे कॅसिओ आले. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७, १९८७ मध्ये रोलँडचा डी-५० आणि १९८८ मध्ये कॉर्गचा एम-१ बाजारात आला. एकाच वाद्यातून व्हायोलिनचा ताफा, बासरी, पियानो सगळं निघू लागलं. ऑर्केस्ट्रात पूर्वी पाच-सहा माणसं लागत, तिथे एक की-बोर्डवाला पुरू लागला. ज्याने तो विकत घेतला त्याला काम मिळालं; ज्याला जमलं नाही तो मागे पडला. कित्येकांनी त्यासाठी कर्ज काढलं, काही घरांत बायकोचे दागिने गहाण पडले.

१९९६ मध्ये आलेला रोलँडचा एक्सपी-८० चौदा किलोच्या आसपास भरतो. बॅग आणि स्टँडसह तो खांद्यावर घेऊन एसटीच्या टपावर चढवणं हे कामच होतं. आज खास भारतीय आवाज असलेला एक्सपीएस-१० चार-पाच किलोंत मिळतो. हे हलकं वाद्य हातात येईपर्यंत अनेकांचे खांदे आणि गुडघे गेलेले होते.

दिवस कसा जातो

अशा माणसाचा दिवस बाहेरून साधा दिसतो. फजरनंतर थोडं फिरणं, चहा, वर्तमानपत्र. वर्षानुवर्षं पहाटे तीनला घरी येणाऱ्या माणसाला आता रात्री दहाला झोप येत नाही, ही पहिली अडचण. दुसरी अडचण कानांची. मोठ्या स्पीकरशेजारी आयुष्य काढल्यावर बारीक आवाज ऐकू येईनासे होतात आणि घरच्यांना वाटतं, हे मुद्दाम लक्ष देत नाहीत. तिसरी अडचण बोटांची. सकाळी ती आखडलेली असतात. कोमट पाण्यात हात धरून, हळूहळू सपाट तानांनी ती मोकळी करावी लागतात. मांडी घालून बसवत नसेल तर पेटी टेबलावर ठेवून खुर्चीवर बसून वाजवावी. त्यात कमीपणा काही नाही.

दुपारनंतर एखादा विद्यार्थी येतो. कुणाला शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी गाणं बसवायचं असतं, कुणाला गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेची तयारी करायची असते. कुणी जुना कव्वाल फोन करून विचारतो, "अमुक कलाम आपण कुठल्या पट्टीत घ्यायचो?" चाचा क्षणात सांगतात, "काळी दोन." ही माहिती कुठल्याही पुस्तकात नाही, ती फक्त त्यांच्या डोक्यात आहे.

कमाईचा हिशेब मात्र जमत नाही. मुहर्रममध्ये लग्नं नसतात, रमजानमध्ये कार्यक्रम नसतात, पावसाळ्यात मांडव नसतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तर सगळंच थांबलं आणि त्यानंतर पुन्हा बोलावणं आलंच नाही असे वादक थोडे नाहीत.

घरातली जागा आणि घरातला वाद

पेठेतली जुनी खोली सोडून कोंढव्यातल्या फ्लॅटमध्ये आलेल्या घरात जागा मोजून असते. नातवाचं अभ्यासाचं टेबल लावायचं तर पेटी जाणार कुठे? पलंगाखाली, गॅलरीत किंवा कपाटावर. काही घरांत प्रश्न जागेचा नसतोच. संगीताबद्दल आपल्या समाजात एकमत नाही. मुलगा म्हणतो, "अब्बा, आता या वयात हे सोडा." त्या मतभेदाचा निकाल लावणं हे या लेखाचं काम नाही. पण ज्या पेटीने त्याच मुलाची शाळेची फी भरली, बहिणीचा निकाह लावला, ती पेटी आणि ते कष्ट यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली ठेवायला कुणाची हरकत नसावी. रात्री उशिरा जेवण गरम ठेवून बसलेल्या अम्मीचाही त्या कमाईत वाटा आहे.

वाद्य कसं सांभाळावं

घरात पेटी असेल तर तिचा मोठा शत्रू पावसाळा. दमटपणाने लाकूड फुगतं आणि पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. आतले सूर पितळेचे असतात, त्यांवर हिरवट थर चढतो. पट्टीखालच्या स्प्रिंगा गंजतात. भात्याच्या घड्यांना कसर आणि उंदीर लागतात. म्हणून पेटी फरशीवर किंवा बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये. लाकडी पाटावर, सुती कापडाने झाकून ठेवावी. आत ओल शोषणारी पुडी किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवावा. कडक उन्हात वाळवू नये, सांधे सुटतात. सुरांना तेल कधीच लावू नये. एखादा सूर गप्प झाला तर बहुधा त्यात धुळीचा कण अडकलेला असतो. ते काम कारागिराकडे द्यावं. सगळ्यांत चांगली देखभाल म्हणजे रोज दहा मिनिटं वाजवणं. हवा आतून फिरत राहिली की पेटी टिकते.

की-बोर्डचं दुखणं वेगळं. वापर नसेल तर सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते गळून आतला भाग खातात. अडॅप्टर त्याच वाद्याचा वापरावा. चुकीच्या अडॅप्टरने सर्किट जळतं. काही पट्ट्या वाजेनाशा झाल्या तर बहुतेक वेळा खालचे रबर आणि संपर्काचे ठिपके साफ केल्यावर वाद्य सुरू होतं. डी-५०, एम-१, एक्सपी-८० यांसारख्या जुन्या वाद्यांत नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की वादकाने स्वतः बनवून साठवलेले आवाज पुसले जातात. म्हणून सेल बदलण्याआधी ते आवाज कार्डवर किंवा फ्लॉपीवर उतरवून घ्यावेत. वीस वर्षांची मेहनत एका छोट्या सेलवर टिकून असते, हे घरच्यांना ठाऊक नसतं.

नाव कसं सांभाळावं

आता दुसरी गोष्ट. साथीदाराचं नाव पत्रिकेवर नसतं. पोस्टरवर गायकाचा फोटो, खाली 'आणि पार्टी'. त्या 'आणि पार्टी'त आपले चाचा असतात. याचा तोटा म्हातारपणी कळतो.

महाराष्ट्र शासनाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे. आता ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते. २०२४ पासून तिच्यातलं मानधन दरमहा ५००० रुपये झालं. वयाची अट ५० वर्षांची आहे, आणि कलेच्या क्षेत्रात किमान १५ वर्षं काम केल्याचं दाखवावं लागतं. उत्पन्नाची मर्यादाही आहे. अर्ज करण्यापूर्वी सध्याच्या अटी समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्याव्यात. अडतं ते पुराव्यापाशी. चाळीस वर्षं वाजवलेल्या माणसाकडे चाळीस ओळींचा कागद नसतो.

म्हणून एक फाईल करा. जुनी पोस्टरं, कॅसेटची वेष्टणं, वर्तमानपत्रातली कात्रणं, कार्यक्रमाचे फोटो त्यात लावा. प्रत्येक फोटोमागे साल, गाव आणि कोण कोण बसलं आहे ते लिहा. ज्या मंडळांत, संस्थांत त्यांनी वाजवलं त्यांच्याकडून दोन ओळींचं पत्र मागून घ्या. ओळखीची माणसं हयात आहेत तोवरच ते मिळेल. हे काम शाळेत जाणारी नातही करू शकते. फोनवर नानांचं वाजवणं रेकॉर्ड करताना ती सहज विचारेल, "नाना, ये धुन किसकी?" आणि त्यातून जे निघेल तेही लिहून ठेवावं. सरकारी मानधन मिळालं तर चांगलंच. नाही मिळालं तरी घराकडे आपल्या माणसाच्या कामाची नोंद राहील.

पेटी विकायची वेळ येऊ शकते, जागा खरंच नसू शकते. पण भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी ज्यांची ती आहे त्यांना विचारावं. कदाचित ते ती एखाद्या विद्यार्थ्याला देतील, कदाचित दुरुस्त करून शाळेला देतील, कदाचित म्हणतील, "राहू दे, अजून दोन-चार कार्यक्रम बाकी आहेत." यातला कुठलाही निर्णय त्यांनी घेतला तर तो मान्य करावा. तो घेण्याचा हक्क त्यांनी कमावलेला आहे.